दोन मुठी तिखट

पोर्कचा रस्सा म्हणजे काय मोठं हो? मांस, मसाला आणि जाळ! तीस वर्षं ट्रकचे टायर बसवलेत मी, एक पातेलं सांभाळता येणार नाही? अशा थाटात रविवारी सकाळी मी गॅस पेटवला.

बायको जाऊन दोन महिने झाले होते. लेक रोज फोनवर म्हणायची, "बाबा, घर बंद करा आणि आमच्याकडे या." मी म्हणायचो, "मला काय धाड भरलीय?" शेवटी तिने परीक्षाच ठेवली. ती आणि जावई रविवारी जेवायला येणार. मी नीट रांधून वाढलं तर पास, इथेच राहायचं. नाहीतर मुकाट्याने सामान बांधायचं. मला हे घर सोडायचं नव्हतं. इथे निदान बायकोची भांडी तरी होती.

तयारी पक्की होती. दवाखान्यात पडल्या पडल्या बायकोनेच सगळं सांगितलं होतं आणि मी औषधांच्या चिठ्ठीमागे उतरवून घेतलं होतं. "नाहीतर उपाशी मराल," म्हणाली. मी तिच्यावर ओरडलो होतो, असलं काही बोलू नकोस म्हणून. चिठ्ठीत होतं: कांदा, आलं-लसूण, व्हिनेगर, तिखट दोन मुठी. सोबत काकडी किसून घातलेलं घट्ट दही, तोंड थंड करायला.

घातलं की मग! दोन मुठी, अगदी भरगच्च!

पाच मिनिटांत शेजारच्या वहिनींनी दार ठोठावलं. "भाऊ, काय पेटवलंत? आमच्या घरात मांजरसुद्धा शिंकतंय!"

"रस्सा आहे, वहिनी!" मी खोकत खोकत म्हणालो. त्या तोंडाला पदर लावून पळाल्या.

मी चमचाभर चाखून पाहिलं. आई गं! जीभ आहे की गेली तेच कळेना. घाबरून मी सगळं काकडीचं दही त्या उकळत्या पातेल्यात ओतलं. दही फाटलं. लाल तवंगावर पांढऱ्या गुठळ्या आणि मध्ये काकडीच्या शेवया! तेवढ्यात बेल वाजली.

जावयाने भला मोठा घास घेतला, माझ्याकडे बघून हसला आणि हळूहळू जांभळा झाला.

"बाबा, दही आहे का?"

"पातेल्यात आहे."

बिचारा चप्पल न घालताच दुकानाकडे धावला.

लेकीने मात्र दुसरा घास घेतला. मग विचारलं, "तिखट किती घातलंत?"

"दोन मुठी. आईनेच सांगितलंय, हे बघ."

तिने चिठ्ठी वाचली. मग माझा हात ओढून घेतला आणि तळवा उघडला. "बाबा, या मुठीने? अहो, आईच्या दोन मुठी!"

मी माझ्या पंजाकडे बघत राहिलो. तिची मूठ माझ्या मुठीत अख्खी मावायची. दवाखान्यात दिवसभर मी तीच तर धरून बसायचो. आणि दोन महिन्यांत विसरलो? मला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर होईना.

लेक रडायला लागली. आई गेली त्या दिवशीसुद्धा ती रडली नव्हती. पाहुण्यांना चहा देत होती, मला गोळ्या देत होती. त्यानंतर रोज एकच प्रश्न, बाबा जेवलात का? तिला कोणी काही विचारलंच नाही. मीसुद्धा नाही.

जावई धापा टाकत परतला. साधं दही संपलं होतं म्हणे, त्याने स्ट्रॉबेरीचं आणलं! रडत, शिंकत, नाक पुसत आम्ही तिघांनी तो लाल रस्सा त्या गुलाबी दह्याबरोबर खाल्ला. इतकं वाईट जेवण मी जन्मात जेवलो नाही.

ताटं उचलताना लेक म्हणाली, "बाबा, राहा तुम्ही इथेच. एवढं मन लावून केलंत. मी नाही हट्ट करत."

झालं! हेच तर हवं होतं मला. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "मला घेऊन चल गं. आजच. तू जेवलीस का, हे आता मी विचारणार."

जावयाने सुजलेल्या ओठांनी विचारलं, "खरंच येताय? पण बाबा, स्वयंपाकघरात पाय नाही ठेवायचा हं!"

मी हो म्हटलं. पास झालेला माणूस असा आपणहून नापास होतो का हो कुठे? मी झालो.