पुलाच्या वयाची आत्या

गावच्या साप्ताहिकात ‘या आठवड्यात’ हा रकाना लिहिणाऱ्या उपसंपादकांना एका गोष्टीचा भारी अभिमान होता. त्यांच्या रकान्यावर चूक-दुरुस्ती छापायची पाळी आजवर आली नव्हती. कुणाचा वाढदिवस असो की कुठल्या इमारतीची पायाभरणी, ते स्वतः जाऊन, विचारून, खात्री करून लिहीत. खुद्द मालकांचा वाढदिवस त्यांनी मालकांच्या आईला विचारून छापला होता!

झाडांना पालवी फुटली त्या आठवड्यात तर त्यांची कॉलर आणखी ताठ झाली. नदीवरच्या पुलाला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि त्याच दिवशी त्यांच्या सख्ख्या आत्याचा वाढदिवस होता. त्यांनी मोठ्या कौतुकाने लिहिलं, ‘इकडे पुलाचं उद्घाटन झालं आणि त्याच घटकेला तिकडे आमच्या आत्याचा जन्म झाला.’

सोमवारी अंक निघाला. उपसंपादकांचा चहा निवायच्या आत आत्या कचेरीत हजर.

“मेल्या, माझं वय छापलंस?”

“वय पुलाचं छापलंय, आत्या.”

“लोकांना काय कळत नाही होय? रविवारी चालण्याची शर्यत आहे. साठ ते सत्तरच्या गटात दरवर्षी माझा पहिला नंबर. ती समोरची शिंपीणबाई दरवर्षी दुसरी. तुझा अंक घेऊन शर्यत भरवणाऱ्या मंडळाकडे गेलीसुद्धा ती.”

“पण आत्या, सत्तरी उलटून तुला...”

“हिशेब करत बसू नकोस. पुलाचं वय कमी कर.”

“अगं, चूक नसताना दुरुस्ती कशी छापू?”

“तेवढं एक बक्षीस हक्काचं होतं रे माझं,” आत्या म्हणाली आणि तिचा आवाज कापला. पण उपसंपादक बधले नाहीत.

मंडळाने आत्याला सत्तरीपुढच्या गटात घातलं. हा गट धाकट्या गटाच्या मागून सोडायचा होता. शिट्टी वाजली आणि आत्या जी सुटली ती बाजारापर्यंत स्वतःचा गट मागे टाकून धाकट्या गटात घुसली. वळणावर शिंपीणबाईंना “जरा सरकता का?” असं गोड आवाजात म्हणून ती पुढे गेली. उपसंपादक फुटपाथवरून धापा टाकत पळत होते आणि दिसेल त्याला सांगत होते, “माझी आत्या आहे ती.” त्यांचा ऊर नुसता भरून आला होता.

शर्यत संपायची त्या मैदानावर सगळ्यांच्या आधी आत्या पोचली. “वय वर्षं पंच्याहत्तर!” निवेदक माइकवर ओरडला. माणसं उठून उभी राहिली आणि टाळ्या काही थांबेनात. इतक्या वर्षांच्या पहिल्या नंबरात आत्याने असल्या टाळ्या कधी ऐकल्या नव्हत्या. क्षणभर ती विचारात पडली. मग तिने माइक हातात घेतला.

“पंच्याहत्तर नाही, ऐंशी,” ती म्हणाली.

टाळ्यांनी मैदान दणाणलं. उपसंपादकांचे हात मात्र हवेतच राहिले.

“पण पेपरात तर पंच्याहत्तर आलंय,” शिंपीणबाई पुढे येऊन म्हणाल्या.

“भाचा आहे माझा, त्याची गडबड झाली,” आत्या म्हणाली. “पूलसुद्धा ऐंशीचाच आहे. छापेल तो दुरुस्ती. काय रे?”

सगळं मैदान वळून उपसंपादकांकडे बघू लागलं. गळ्यात पदक घातलेली आत्या इतकी खुशीत त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

“हो,” ते म्हणाले. “नजरचुकीने झालं.”