सत्कारमूर्तीला ताप

कार्ल्याच्या गोरखचं यकृत-प्रत्यारोपण यशस्वी झाल्याचा ठराव सत्कार समितीने एकमताने मंजूर केला होता. त्यामुळे त्यानंतर त्याला कावीळ होणं नियमात बसत नव्हतं.

तरी ती झाली. स्वतःच्या यकृताचा तुकडा नवऱ्याला देणाऱ्या कोमलच्या ते आधी लक्षात आलं. गोरख रात्रंदिवस अंग खाजवत होता, डोळे पिवळे पडले होते. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "जोडाजवळ पित्ताची नळी अरुंद झालीय. सोमवारी तोंडातून दुर्बीण घालून ती रुंद करू, आत स्टेंट बसवू. पण थंडी वाजून ताप आला तर सोमवारची वाट बघायची नाही."

समितीचे अध्यक्ष भिकाजीआबांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि रविवारचा सत्कार कायम ठेवला. मांडव गोरखच्या दारासमोर, रस्त्यावर आडवा घातला. रस्ता सार्वजनिक आणि कार्यक्रमही सार्वजनिक, तेव्हा परवानगीचा प्रश्नच नव्हता.

रविवारी सत्कारमूर्तीला खुर्चीत बसवलं. "तोंडावर तेज बगा कसं आलंय!" गोरखच्या पिवळ्या चेहऱ्याकडे पाहून आबा म्हणाले. तेवढ्यात सत्कारमूर्ती थंडीने थडथड उडू लागली. समितीने तातडीने दुसरी शाल पांघरली.

कोमलने त्याच्या कपाळाला हात लावला; अंग तापलं होतं. तिने ॲम्ब्युलन्स बोलावली. ती आली आणि मांडवाच्या पलीकडे अडकली.

"आबा, यांना लय ताप भरलाय. मांडव सोडा, लोकं उठवा."

"आगं, पाहुणे सोमाटण्याच्या पुढं आल्यात. सत्कारमूर्तीच गेली तर सत्कार कुणाचा करायचा?"

"माणूस जाईल, आबा!"

"असं अभद्र बोलू न्हाई. आज तुझाबी सत्कार हाय."

मग आबांनी माइकवरून गोरखला वाट करून देण्याची विनंती केली. तिला उदंड प्रतिसाद मिळाला. प्रत्येकाने शेजारच्याला उठायला सांगितलं. काही जण उठलेही, पण ते ॲम्ब्युलन्सचा व्हिडिओ नीट यावा म्हणून. कोमलने हात जोडले, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला रडू यायला हवं होतं. आला तो संताप.

तिने आबांच्या हातातला माइक ओढून घेतला. "जेवान तयार हाय. देवळामागं पंगत बसतीया. पयली पंगत भरत आलीया, बिगी बिगी चला!"

बघता बघता मांडव रिकामा झाला. म्हातारी माणसंसुद्धा खुर्च्या ओलांडून गेली. आबा तर समितीच्या वतीने सर्वांत पुढे होते. ॲम्ब्युलन्स सरळ आत आली आणि दोन शालींसकट गोरखला घेऊन गेली.

स्टेंट वेळेवर बसला. गोरख आता बरा आहे. एवढ्या गर्दीत क्षणात वाट कशी झाली, हे डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा कोमल म्हणाली, "जेवणाची वेळ झाली हुती."

त्या गर्दीत आपणही होतात. गोरखला वाट द्यायला उठलात, असं आम्ही धरून चालतो. जिलबी कशी होती?