अंतकाळ समन्वय उपसमिती

सोलापूर शहरात दोन गोष्टी कधी येतील हे कुणालाच सांगता येत नाही. एक प्रभू येशूचं दुसरं आगमन आणि दुसरं नळाचं पाणी. त्यातल्या पहिल्याचा दिवस आणि घटका कुणालाही ठाऊक नाही, असं शास्त्रात स्पष्ट म्हटलेलं असल्यामुळे त्याचं सविस्तर वेळापत्रक प्रत्येक मंडळीकडे तयार आहे. पाण्याबद्दल शास्त्रात काहीच नाही, म्हणून तिथं मायाप्पाला विचारावं लागतं. मायाप्पा म्हणजे पाण्याचा चावीवाला. लांबलचक लोखंडी चावी सायकलला बांधून तो गल्लीबोळांतून फिरतो, आणि कुणी विचारलं की एवढंच म्हणतो, "येतंय की."

दावीदराव रणभिसे या दोन्ही आगमनांकडे डोळे लावून बसलेले गृहस्थ. रेल्वेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले आणि एका जुन्या, लहानशा चर्चच्या मंडळीचे चिटणीस. बायको मरियम काही वर्षांपूर्वी देवाघरी गेली. तेव्हापासून प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी ते "ये प्रभू, लवकर ये" म्हणत, आणि अगदी मनापासून म्हणत. कारण स्वर्गात कर्णा वाजून प्रभू आला की मंडळी ढगांत उचलली जाणार आणि तिथं मरियम भेटणार. मधे एकच काम शिल्लक होतं. मुलीचं, प्रतिक्षाचं लग्न.

तेही जमलं. मुलगा मोहोळचा, ऋतुराज पाटोळे. पोरापोरींनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं, त्यामुळे मोठ्यांना करण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. ऋतुराजचे वडील जोतीरामगुरुजी म्हणाले, "आम्हाला हुंडा नको, मानपान नको. मुलगी द्या आणि शास्त्रावर श्रद्धा ठेवा." दावीदरावांचे डोळे भरून आले. लग्नाचा सोमवार ठरला. मग सगळे पोह्यांच्या बशा घेऊन बसले, आणि गुरुजींनी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं,

"तुमची मंडळी वर कधी जाते?"

"जगावर यायच्या महासंकटाच्या आदी," दावीदराव म्हणाले. "चांगली सात वर्सं आदी. ते पैल्यापासून ठरलंय आमचं."

गुरुजींनी बशी खाली ठेवली. "आमची नंतर जाते."

"नंतर म्हंजे?"

"सात वर्षं संकट सोसायचं, तावून-सुलाखून निघायचं, मगच वर. न सोसता जाणं आम्हाला मान्य नाही."

 तेवढ्यात विहीणबाईंनी, म्हणजे ऋतुराजच्या आईनं, सगळा हिशेब मांडला. "म्हंजे तुमची पोरगी लगीन करून वर जाणार, आन् आमचा ऋतुराज सात वर्सं खाली एकटा? त्याला जेवायला कोण घालणार हो?"

 बायबलातल्या प्रकटीकरणात श्वापदं आहेत, कर्णे आहेत, क्रोधाच्या वाट्या आहेत, पण ऋतुराजच्या डब्याची सोय कुठल्याच अध्यायात केलेली नाही.

प्रकरण चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेलं. पाळकसाहेब सावध माणूस. अंतकाळाबद्दल त्यांना स्वतःचं ठाम मत होतं, पण मंडळीत सगळ्याच मतांची माणसं असल्यामुळे ते मत त्यांनी निवृत्तीनंतर जाहीर करायचं ठरवलं होतं. त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली, डोळे उघडले आणि 'अंतकाळ समन्वय उपसमिती' नेमली. दोन्हीकडचे सभासद समान घेतले. अध्यक्ष तटस्थ असावा म्हणून प्रतिक्षाच्या मामाला, पुण्यात प्राध्यापक असलेल्या सुबोधला बोलावलं.

सुबोधमामा पहिल्याच बैठकीत म्हणाले, "आधी नाही आणि नंतरही नाही. हजार वर्षांचं राज्य, श्वापद, कर्णा, हे सगळं लाक्षणिक आहे."

दोन्ही व्याही एकदम उठले. इतकी एकी त्यांच्यात पुन्हा कधी दिसली नाही. "लाक्षणिक?" दावीदराव ओरडले. "उद्या मंडपात बिर्याणी बी लाक्षणिक वाढशील की रं!"

"आणि आम्ही लाक्षणिक ढेकर देऊ!" गुरुजी म्हणाले.

अध्यक्षांना यापुढे फक्त चहाची वेळ जाहीर करण्याचा अधिकार राहील, असा ठराव झाला. ठराव एकमताने मंजूर झाला. विरोधात फक्त अध्यक्ष होते.

उपसमिती एकदा बसली की तिला कामाची कमी पडत नाही. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात चर्चचा रस्ता दाखवणारा चौकोनी कोड छापलेला होता. गुरुजींनी तो भिंगाखाली धरून ती प्रकटीकरणातल्या श्वापदाची खूण असल्याचा अभिप्राय दिला. पत्रिका पुन्हा छापल्या. आता रस्ता कुणालाच सापडेना. दावीदरावांची अक्कलकोटची सुंदरम्मा मावशी रोज फोन करून विचारू लागली, "अरे दावीद, तुमचं चर्च नेमकं कुटं हाय म्हणालास?"

मुख्य विषयावर दावीदरावांनी आपला सगळा कचेरीचा अनुभव पणाला लावला. ऋतुराजला सोलापूरच्या मंडळीत प्रतिनियुक्तीवर घ्यावं, म्हणजे तोही आधी वर जाईल, असं त्यांनी सुचवलं. गुरुजींना ते पटेना. "पाटोळ्यांचा मुलगा संकट न सोसता वर जाणार? मोहोळात तोंड दाखवायला जागा राहील का आम्हाला?" शेवटी दावीदरावांनी जड मनानं मसुदा केला: 'विवाहानंतर मुलगी सासरच्या वेळापत्रकानुसार वर जाईल.'

प्रतिक्षा एका शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं मसुदा वाचला आणि दोनदा वाचला. "बाबा, हे कुणी ठरवलं?"

"उपसमितीनं. अगं, लगीन झाल्यावर बाईमाणसानं सासरच्या रीतीनं चालायचं असतंय."

"माजं वर जाणं माज्यात आन् देवात हाय. त्यात मोहोळ कुटनं आलं? आन् मला कुणी विचारलं का?"

दावीदरावांनी विचार केला. विचारलं नव्हतं हे खरं, पण प्रतिक्षा उपसमितीची सभासद नसल्यामुळे तिला विचारण्याची तरतूदच नव्हती. तसं त्यांनी तिला सांगितलं. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं.

मसुद्यावर मुलीची सही होईना, आणि सहीशिवाय गुरुजी ऐकेनात. त्यांनी कळवलं की लग्नाआधीच्या बुधवारी शेवटची बैठक होईल. तोवर निकाल लागला नाही तर लग्न तहकूब. दावीदराव हादरले. तहकूब म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? उभी नोकरी त्यांनी कामं तहकूब करण्यातच काढली होती, आणि त्यातलं एकही पुन्हा वर आलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. पोरीनं मनापासून निवडलेला मुलगा. तो हातचा गेला तर मरियमला काय सांगायचं?

बुधवारी सकाळी चर्चच्या फाटकाशी मायाप्पा भेटला. लग्नाच्या स्वयंपाकासाठी आवारातला हौद भरणं भाग होतं, आणि हौदाची जबाबदारी चिटणीस या नात्यानं दावीदरावांची होती.

"मायाप्पा, पाणी आज का?"

"आजच की."

"किती वाजता?"

"ते कसं सांगू? सकाळी बी सोडंन, दुपारी बी सोडंन. तुमी जागं राहा म्हंजे झालं."

दावीदरावांनी हौदाशेजारी खुर्ची टाकली, त्यावर पंचा ठेवून जागा धरली आणि ते बैठकीला गेले.

बैठक हॉलमध्ये होती. हॉलच्या मागच्या भिंतीला एक जुना नळ आहे. पाणी आलेलं कळावं म्हणून तो कायम उघडाच ठेवतात. दुपार झाली, चहा तीनदा जाहीर झाला. गुरुजी अंतकाळाच्या हिशेबासाठी बायबलातल्या दानीएलाचे आठवडे मोजत होते आणि दावीदराव ते पुन्हा मोजायला लावत होते. तेवढ्यात कुठूनसा हॉलभर आवाज घुमला. भूंऽऽऽ! आधी खोल, मग चढत चढत गेलेला, छातीत घुमणारा.

सगळे जागच्या जागी उभे राहिले. पाळकसाहेबांच्या हातातली बशी कलंडली.

"कर्णा!" दावीदराव पुटपुटले.

"शक्य नाही," गुरुजी म्हणाले, पण त्यांनी पाळकसाहेबांचा हात घट्ट धरला. "महासंकट अजून झालेलं नाही. हा नियमबाह्य कर्णा आहे."

"आमच्या हिशेबानं बरोबर टायमाला हाय!"

"कर्णा लाक्षणिक..." सुबोधमामांनी सुरुवात केली आणि पुन्हा भूंऽऽऽ झाल्यावर तेही पाळकसाहेबांना बिलगले.

दावीदरावांनी डोळे मिटले आणि हात वर केले. इतकी वर्षं मागितलेली घटका आली होती. आता पाय जमिनीवरून सुटणार, छत उघडणार आणि ढगांत मरियम उभी असणार. ती त्यांना दिसलीही, पांढऱ्या लुगड्यात, हात कमरेवर. आणि ती पहिला प्रश्न काय विचारणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं: "पोरीचं लगीन लावून आलात न्हवं?"

 त्यांचे हात झटकन खाली आले आणि जोडले गेले. "प्रभू," ते मोठ्यानं म्हणाले, "सोमवारपर्यंत मुदतवाढ मिळावी. नम्र विनंती हाय. पोरीचं लगीन हाय, प्रभू. लई गुणी पोरगी हाय."

शेजारून गुरुजींचा आवाज आला. "सदर विनंतीस माझं अनुमोदन आहे, प्रभू. आणि महासंकटही सोमवारनंतरच असावं."

बराच वेळ काही झालं नाही. मग सगळ्यांनी एकेक डोळा उघडला आणि आधी आपले पाय पाहिले, मग समोरच्याचे. मागच्या भिंतीचा नळ शेवटचं बारीकसं भूं करून फुसफुसला आणि गप्प झाला. बाहेरून प्रतिक्षाची हाक आली. "बाबा! पाणी येऊन गेलं!"

ते बाहेर धावले. हौद काठोकाठ भरला होता. प्रतिक्षा पाइप गुंडाळत होती आणि ऋतुराज पँट गुडघ्यापर्यंत दुमडून शेवटची बादली ओतत होता. दोघं नखशिखांत भिजले होते आणि कशावरून तरी हसत होते.

"तू इथं कसा?" गुरुजींनी विचारलं.

"हिनं फोन केला, पाणी येणार म्हणून," ऋतुराज म्हणाला. "तुम्ही मीटिंगमध्ये होता ना?"

गुरुजी हौदात बघत राहिले. मग त्यांनी खिशातून मसुदा काढला, चार घड्या केल्या आणि पुन्हा खिशात ठेवला. "रणभिसेसाहेब," ते म्हणाले, "वर जायचं ते ज्या दिवशी बोलावतील त्या दिवशी बघू. सोमवारचं सोमवारी होऊ दे." दावीदरावांनी त्यांना मिठीच मारली. सुबोधमामांनी अधिकारात चहा जाहीर केला.

सोमवारी चर्च गच्च भरलं. पाळकसाहेबांनी अंतकाळाबद्दल कुणालाही न दुखावणारा उपदेश केला, म्हणजे फक्त 'जागे राहा' एवढंच सांगितलं. सगळे "आमेन" म्हणाले. आता ते प्रतिक्षाला विचारणार, की या पुरुषाला तू स्वीकारतेस का, तेवढ्यात खिडकीबाहेर सायकलची घंटी वाजली आणि मायाप्पा ओरडला, "सोडलंय होऽऽ!"

पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झालं. ज्यांची घरं आसपास होती ते तिथं पळाले, ज्यांची नव्हती ते सवयीनं पळाले. संकट सोसल्याशिवाय कुठंही न जाणारे जोतीरामगुरुजी सगळ्यांच्या आधी गेले. सुबोधमामा एक अजिबात लाक्षणिक नसलेली घागर घेऊन गेले. दावीदरावही अर्धे उठले. मग त्यांनी समोर उभ्या असलेल्या पोरीकडे पाहिलं आणि ते पुन्हा खाली बसले.

नेमक्या त्याच वेळी, सबंध शहरात रस्ता विचारत फिरलेली सुंदरम्मा मावशी दारात आली. आत बाकांवर उघडी गीतपुस्तकं होती, जागोजागी पर्सेस, चष्मे आणि काढून ठेवलेल्या चपला होत्या. माणूस एक नाही.

"अय्यो देवरे!" तिनं पिशवी टाकून कपाळावर हात मारला. "गेले की रे समदे! आन् मी राहिले!" मग तिला समोरची चार माणसं दिसली. "पाळकसाहेब बी राहिले? आन् दावीद, तू सुदिक? लेका, तू तर आदी जाणार होतास न्हवं?"

"मी मुदतवाढ घेतलीया, मावशी," दावीदराव म्हणाले. "बस हितं. पोरगी 'होय' म्हणतीया, ते ऐक."

प्रतिक्षा "होय" म्हणाली. ते ऐकायला एवढीच माणसं होती, आणि दावीदरावांना वाटलं, वरच्या अंगाला आणखी एक असावी.

आता तुम्ही म्हणाल, काय ही माणसं! नको त्या येण्याचा काथ्याकूट करत बसतात आणि येणारं येतं तेव्हा भलतीकडेच असतात. बरोबर आहे तुमचं. पण तुम्हीही मघापासून इथंच बसून आहात. स्वयंपाकघरात नळ फुसफुसल्यासारखा वाटला, आणि एवढी गोष्ट संपू दे म्हणालात. आता संपली. जा, बघून या, काही उरलंय का.