देवीदासभाऊंची ट्रायल

शेलूबाजारात गाडीमध्ये सगळ्यात मोठा आवाज बसवून देणारा माणूस म्हणजे देवीदासभाऊ, आणि त्यांच्या दुकानात मोठ्यानं बोलायला बंदी आहे.

गिऱ्हाईक आलं की भाऊ आधी पेचकस उचलत नाहीत. गिऱ्हाइकाला गाडीत बसवतात, स्वतः शेजारी बसतात, काचा वर करतात आणि म्हणतात, "पाच मिन्टं गप बसा. पहिले गाडी आयकू द्या." मग डोळे मिटून दाराला, छताला टिचक्या मारत बसतात. कुठला पत्रा सैल आहे, कुठलं प्लास्टिक खडखडतं, सगळं त्यांना कळतं. एकदा एक पुढारी त्या पाच मिनिटांत घोरायला लागले. भाऊंनी त्यांना हलवून उठवलं. "तुमाले बेस नाई, झोप पाह्यजे. घरी जा."

मी त्यांच्याकडे गेलो तो माझ्या साडूमुळे. मी मराठीचा मास्तर, वय अठ्ठेचाळीस. या वयात गाडीत सबवूफर बसवायचं मला काही कारण नव्हतं. पण जऊळक्याच्या साडूनं बसवला, आणि तो दारात आला की आमच्या खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. बायको लगेच म्हणते, "जिजाजी आले वाटते!" माझी गाडी आली तर ती विचारते, "कोन हाये?"

भाऊंनी माझी गाडी ऐकली आणि म्हणाले, "मास्तर, म्हातारी हाये, पण खोकत नाई. बसवू."

दोन दिवस त्यांनी गाडीची आतडी बाहेर काढून ठेवली होती. बॅटरीपासून मागच्या ॲम्प्लिफायरपर्यंत जाणारी जाड लाल वायर म्हणजे सासू. टेपपासून गाणं घेऊन जाणारी बारीक वायर म्हणजे सून. "सासू ड्रायव्हरच्या बाजूनं, सून त्या बाजूनं. एका वाटेनं नेल्या का कुरकूर सुरू." अर्थिंगला ते नुसतं 'अर्थ' म्हणतात. डिक्कीतला गालिचा उचलून ते पत्र्याचा रंग खरडायला लागले, तेव्हा मी कळवळलो.

"अहो भाऊ, रंग काहून काढता?"

"रंगावर अर्थ बसत नाई. मराठी शिकवता ना तुमी?"

मी गालिच्याचं टोक धरलं.

बॅटरीजवळचा फ्यूज मात्र त्यांनी बसवला, काढला, पुन्हा बसवला, पुन्हा पाहिला. देवाला नमस्कार करावा तसा त्याला हात लावून मगच बॉनेट बंद केलं. आणि म्हणाले, "आता ट्रायल. मी एकटाच जातो."

"गाडी माझी आहे," मी म्हणालो आणि शेजारी बसलो. त्यांचा चेहरा पडला, पण त्यांनी गाडी सुरू केली.

मंगरूळपीरच्या रस्त्यानं तीन किलोमीटर गेल्यावर, एका टिनाच्या घरासमोर त्यांनी गाडी थांबवली. डिक्की अंगणाकडे राहील अशी ती रस्त्याच्या कडेला उलटी लावली, डिक्की उघडली, आणि मोबाइलवरचं एका भजनी मंडळाचं भजन लावलं. पखवाज असा घुमला की माझ्या पोटातलं जेवण जागचं हललं.

घरातून अंगात बंडी घातलेले एक उंच म्हातारे बाहेर आले. आमच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. गोठ्याजवळ उभे राहिले आणि म्हशीला म्हणाले, "डावी बाजू फाटून राह्यली पखवाजाची."

देवीदासभाऊ माझ्या स्टेरिंगला म्हणाले, "आयकलं? फाटली म्हंते." उतरले, डिक्कीत वाकून पेचकसानं ॲम्प्लिफायरवरची कसलीशी खुंटी केसभर फिरवली.

म्हातारे थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हशीला म्हणाले, "आता जमलं." आणि आत गेले.

परतताना मी विचारलं तेव्हा भाऊ तोंड वाकडं करून म्हणाले, "मोठा भाऊ हाये माहा. महादेवदादा. पखवाज वाजवते. मीटर खोटं बोलन, त्याचा कान नाई बोलनार."

आठ वर्षांपूर्वी दादांच्या मुलीच्या लग्नात साउंड भाऊंचाच होता. घाईत फ्यूज बसवायचा राहिला. ऐन मंगलाष्टकांत वायरनं पेट घेतला, मांडवाचं कापड जळालं आणि विहीणबाईंच्या शालूला भोक पडलं. दादा सगळ्या सोयऱ्यांसमोर म्हणाले, "माह्या दारात पाय टाकू नको."

"मंग? टाकला का पाय?" भाऊ मला म्हणाले. "गाडीत बसून होतो. अन् उतरलो तो सरकारी रोडवर."

पंधरा दिवसांनी माझी गाडी ॲक्सिलरेटर दाबला की कुंईकुंई करायला लागली. मी डिक्कीत तुरीचं पोतं टाकलं होतं, त्यानं अर्थचा बोल्ट ढिला झाला होता. "सबवूफरवर तूर?" भाऊंनी मला भर दुकानात, अर्थातच हळू आवाजात, पंधरा मिनिटं झापलं. मग बोल्ट आवळला आणि आम्ही ट्रायलला निघालो.

भजन लागलं. कोणी बाहेर आलं नाही. भाऊंनी पुन्हा लावलं, आवाज वाढवला. रस्त्यानं जाणारा जीपवाला वळून पाहायला लागला. घराचं दार बंदच.

"आयकू नाई गेलं का त्याले?" भाऊ पुटपुटले.

शेवटी त्यांच्या वहिनी बाहेर आल्या. सरळ गाडीच्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, "भाऊजी, बंद करा ते अन् आत या. आठ दिवस झाले, तापानं पडून हायेत. उठवत नाई. तुमचा आवाज आला त मले म्हंते, खिडकी उघड."

भाऊंनी गाणं बंद केलं, गाडी बंद केली, आणि दोन्ही हात स्टेरिंगवर ठेवले.

"मास्तर, त्यानं पाय टाकू नको म्हटलं हाये."

"आठ वर्षं झाली, भाऊ. जा."

त्यांनी चपला गाडीतच काढल्या. मग खडे आणि काटे चुकवत, अनवाणी, चोरासारखे अंगण ओलांडून आत गेले.

आधी आतली खाट करकरली. मग खोकला. मग दादांचा बसलेला आवाज, त्यावर भाऊंचा, आणि बघता बघता दोघंही एकदम बोलायला लागले. दुकानात कुजबुजणारा हा माणूस इतक्या मोठ्यानं ओरडू शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

वहिनी माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. पदरानं डोळे पुसत होत्या, पण हसत होत्या.

"त्या लगनाचंच काढलं दोघायनं. शालूपासून सुरू झाले."

मी गाडीचं दार उघडायला लागलो. म्हटलं, आजारी माणूस आहे, आत जाऊन समजावतो.

वहिनींनी ते बाहेरून लोटून लावलं.

"बसा ना सर. भांडू द्या. आठ वर्साचं हाये."