अकरा रिव्हेट

लोरेननं चहाच्या दुकानाच्या भिंतीत खिळा ठोकला, चित्र टांगलं आणि दोन पावलं मागं सरून म्हणाली, "बघा आई, आता कसं दुकान भरल्यासारखं वाटतंय!"

तिच्या सासूनं, हेट्टीनं, हातातली बशी हळूच खाली ठेवली. ती ठेवताना वाजलीच.

चित्र युद्धाच्या काळातलं होतं. डोक्याला रुमाल बांधलेली एक कामगार मुलगी आपल्या एप्रनानं उडत्या विमानाच्या पंखाला लटकली होती. डाव्या हातात पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकायची बंदूक, उजव्या हातात चहाचा मग. खाली लिहिलं होतं : 'चहाला येतेच आहे, फक्त विमान घेऊन येते!' गावच्या विमान कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ते एकेकाळी भिंतीवर होतं. कारखाना पाडताना जुन्या कागदांत सापडलं आणि आता त्याच्या प्रती चौकटीत घालून बाजारात विकत होते.

"ही तुमची मैत्रीण, म्युरिएल मावशी ना? उद्या येताहेत तर त्यांनाच विचारू सगळं."

"हो, तीच ती," हेट्टी म्हणाली. पन्नास वर्षं ती हेच सांगत आली होती.

लटकलेली मुलगी अर्थात हेट्टीच होती. कारखान्यात एवढा आवाज असे की बायका नुसत्या ओठांनी बोलत. सूतगिरणीतून आलेल्या मुलींची ही जुनी विद्या. आवाज न काढता ओठ हलवायचे, समोरचीनं वाचायचे. डावखुरी हेट्टी बंदूक चालवी, म्युरिएल पत्र्यामागून लोखंडी ठोकळा धरी. त्या दिवशी म्युरिएलचे ओठ शनिवारच्या नाचाविषयी सांगत होते. इतकं रंगवून, की हेट्टीची नजर ओठांवरून हलली नाही. चहाची शिटी झाली, ती उठायला गेली आणि परत खाली बसली. दोन पत्र्यांच्या मधे एप्रनाचं टोक, त्यावर एका ओळीत अकरा रिव्हेट. मुकादम ड्रिल घेऊन येईपर्यंत अख्खं कॅन्टीन मग हातात घेऊन बघायला आलं होतं. त्यात ड्रॉइंग ऑफिसातला क्लिफर्डही होता. त्यानंच चित्र काढलं. चेहऱ्याच्या जागी नुसता रुमाल आणि नाक, म्हणून हेट्टीला घरी दुसऱ्याच मुलीचं नाव सांगता आलं. तोवर म्युरिएल लग्न करून दूर गेली होती, कानावर जायची भीती नव्हती.

आणि आता ती सकाळच्या बसनं येणार होती. तिच्या नावावर पन्नास वर्षं खपवलेली फजिती सुनेनं तिच्याच तोंडावर बोलून दाखवली असती. एवढी एकच मैत्रीण उरली होती.

हेट्टीनं आधी चित्रावर कॅलेंडर लटकवलं. लोरेननं ते काढलं. "गिऱ्हाइकांना तीच तर आवडतेय!" मग सकाळी दुकान उघडायच्या आधी हेट्टीनं चित्र उतरवलं, आणि दुसरी जागा न सुचल्यानं ओव्हनमध्ये सरकवलं. बस येऊन गेली की काढायचं. पण शनिवारी स्कोन, चहाबरोबरचे ते छोटे गोड पाव, दुप्पट लागतात. लोरेननं ओव्हन लवकर पेटवला.

पहिल्यांदा व्हार्निशचा वास आला. मग धूर आला. मग गिऱ्हाइकं आपापल्या कपबशांसकट रस्त्यावर आली.

"आई! ओव्हनमध्ये चित्र कुणी ठेवलं?"

"मी... जरा पुसून वाळत घातलं होतं."

लोरेननं ते चिमट्यात धरून बाहेर आणलं. चौकट काळी पडली होती, काच तडकली होती, मुलगी मात्र मजेत लटकत होती. सगळं गाव भोवती जमलं, आणि नेमकी तेव्हाच बस थांबली.

"म्युरिएल मावशी!" लोरेन ओरडली. "ही तुम्हीच ना?"

हेट्टीनं डोळे मिटले.

"म्हणजे काय! मीच!" म्युरिएल काठी टेकत पुढं आली. "अकरा रिव्हेट, मोजून! माझ्या क्लिफर्डनं काढलंय ते. तिथूनच तर आमचं जमलं."

हेट्टीनं डोळे उघडले. गर्दीच्या पलीकडून म्युरिएलचे ओठ हलत होते, आवाज न करता, अगदी पूर्वीसारखे. 'गप्प बस हं. पोरांना मीही हेच सांगितलंय. नाहीतर काय सांगणार होते, तुमच्या बापानं दुसरीचं चित्र काढलं म्हणून?'

हेट्टीच्या छातीवरचा दगड उतरला. पण लोक टाळ्या वाजवायला लागले, कुणी म्युरिएलला खुर्ची दिली, कुणी फोटो काढला, तेव्हा तिथं दुसरंच काहीतरी टोचायला लागलं.

"खरं सांगायचं तर," ती न राहवून म्हणाली, "ती मी आहे."

"काहीतरीच काय आई!" लोरेन हसली. "इतकी वर्षं तुम्हीच तर सांगत आलात. मैत्रिणीचं कौतुक बघवत नाही होय?"



"मावशी, चित्रावर सही करा ना," कुणीतरी पेन पुढं केलं.

"माझी बोटं आता वळत नाहीत गं बाई," म्युरिएल म्हणाली. "हेट्टी करेल माझ्या नावानं. आमचं काय वेगळं आहे?"

हेट्टीनं पेन घेतलं, तडकलेली काच बाजूला केली, आणि त्या लटकलेल्या मुलीच्या पायाशी, सगळ्यांदेखत, ठसठशीत अक्षरात म्युरिएलचं नाव लिहिलं. मान वर केली तर समोर म्युरिएलचे ओठ घाईघाईनं हलत होते.

'डाव्या हातानं लिहू नकोस, गाढवे!'