पायऱ्यांवरची दुसरी बाई

"…आणि काय सांगू तुला, ते मोक काका रोज दुपारी शाँगवानच्या पायऱ्यांवर त्या पोरीला—"

एवढ्यात अकरावा मजला आला, लिफ्टचं दार उघडलं आणि बोलणाऱ्या दोघी बायका उतरून गेल्या. दार बंद. मी आत, वाक्य बाहेर.

पोरीला काय? भेटतात? भाजलेलं बदक खाऊ घालतात? माणसाने एक तर वाक्य पुरं करावं, नाहीतर जिन्याने जावं!

मोकांचं दार आमच्या दाराला लागूनच आहे. काका ऐंशीचे, उभा जन्म गवंडीकामात गेलेला. काकू अठ्ठ्याहत्तरच्या, गुडघ्यांनी अधू पण जिभेने धडधाकट. मला या दोघांची काळजी वाटते. (आमच्या इमारतीत या काळजीला लोक वेगळं नाव देतात, पण ते असो.)

आणि काळजीला कारण होतं. आमच्याकडे कुणाचा संसार कसा चाललाय ते नाकाने कळतं. सकाळी बाईने सुपाचं मडकं चढवलं की संध्याकाळपर्यंत दाराखालून वास येत राहतो, खजुराचा, कमळकाकडीचा, हाडांचा. मोकांच्या दाराखालून तीन महिने वास नव्हता. आता ज्याला घरी सूप मिळत नाही तो बाहेर कुठेतरी पीत असणार, हे आमच्यात शाळा न शिकलेल्यालाही कळतं. (मी तर सहावीपर्यंत शिकले आहे.)

मी आमच्या ह्यांना सांगितलं. हे मिनीबस चालवतात, त्यामुळे घरी आल्यावर कुणाचंच ऐकत नाहीत.

"तुझं नाक एक दिवस लिफ्टच्या दारात अडकणार," हे म्हणाले.

"मी कुठे काही करतेय? उद्या जरा सुकी कालवं आणायला शाँगवानच्या बाजारात जाणार आहे, एवढंच."

"आपल्या कोपऱ्यावर मिळत नाहीत?"

"तिथली ताजी असतात."

"सुकी कालवं ताजी?" असं म्हणून हे घोरायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काकांच्या मागे. ते ट्रामने, म्हणून मीही ट्रामने. ते चढण चढले, मीही चढले. एका उंच दगडी जिन्यावर ते थांबले, खिशातून एक फोटो काढला, हात लांब करून समोर धरला आणि एक डोळा मिटला. फोटोत पुढेच एक पोरगी दिसली, तरणीताठी! मी अजून नीट बघावं म्हणून एका दुकानाच्या परड्यांआड वाकले. त्या परड्यांत संत्र्यांच्या साली वाळत घातल्या होत्या. मी वाकले, परडी सरकली, मग तिच्याखालची, मग तिच्याखालची. सगळ्या साली पायऱ्यापायऱ्यांनी खाली निघाल्या आणि त्यांच्या पाठोपाठ मी.

काकांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "पूनताई," ते म्हणाले, "लागलं का?"

"तुम्ही ओळखलंत?"

"ट्राममध्येच. वर्तमानपत्र उलटं धरलं होतंत."

दुकानदार जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. साली गोळा करता करता काकांनी मला सगळं सांगितलं.

झालं होतं असं, की काकूंनी लग्नाआधी एका सिनेमात काम केलं होतं. म्हणजे कसलं काम, साठ वर्षांपूर्वी पाण्याची टंचाई होती, नळावर रांगेत उभ्या असलेल्या चार पोरींना सिनेमावाल्यांनी बोलावलं आणि बादल्या घेऊन जिन्यावरून ये-जा करा म्हणून सांगितलं. ही गोष्ट काकू जन्मभर सांगत आल्या. आणि तीन महिन्यांपूर्वी, भावाच्या वाढदिवसाच्या पंगतीत, बारा माणसांसमोर काका म्हणाले, "ही सिनेमात असेल तर मी गव्हर्नर होतो!" बाराही माणसं हसली. काकूंनी चॉपस्टिक खाली ठेवल्या.

"त्या रात्री म्हणाली," काका सांगत होते, "ज्या दिवशी त्याच पायऱ्यांवर उभा राहून चुकलो म्हणशील, त्या दिवशी मडकं चढेल. कुठल्या पायऱ्या ते मी सांगणार नाही. तू शोध. आणि आता बॅग भरून ठेवलीय. सोमवारी फोशानला बहिणीकडे चालली, कायमची."

"आज शुक्रवार!" मी ओरडले.

"म्हणून तर," काका म्हणाले आणि राहून गेलेली एक साल उचलली.

त्यांनी तो सिनेमा फोनवर मिळवला होता. सासू सुनेला छळते असा काळापांढरा सिनेमा. त्यातल्या जिन्याचे फोटो काढून ते एकेक चढण धुंडाळत होते. घरं पडली, दुकानं बदलली. पण काका म्हणाले, "दगडी भिंत बदलत नाही. प्रत्येक गवंड्याचा हात वेगळा. माणूस पाठीवरून ओळखावा तशी मी भिंत ओळखतो."

"आणि या फोटोतल्या पोरींत काकू कोणती?"

काकांनी फोटो बाहीला पुसला. मग हळूच म्हणाले, "तेच कळत नाही. लग्नाच्या वेळी मी लाजून खालीच बघत होतो."

आता चेहरे ही माझी विद्या. मी फोटो घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. पुढची, बादलीवाली, हसरी. "हीच! हनुवटी बघा. मी पैजेवर सांगते."

शनिवारी आम्ही दोघांनी सहा जिने पालथे घातले. सातव्यावर काकांनी भिंतीवर हात फिरवला आणि तसेच उभे राहिले. वडाची मुळं भिंतीवर पसरून जाड झाली होती, पण वाकडा लोखंडी कठडा फोटोतल्यासारखाच वाकडा होता.

रविवारी काकूंना आणायचं काम माझ्याकडे. कालवं स्वस्त मिळतायत अशी थाप मारली. काकू प्रत्येक पायरीला माझ्या सात पिढ्यांची आठवण काढत वर आल्या. वर काका टाय लावून उभे.

"युत-हिंग," ते म्हणाले, "चुकलो. ही भिंत. हा कठडा. आणि ही तू." त्यांनी फोटो पुढे केला.

काकूंनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. माझे डोळे भरून यायच्या बेतात होते.

"ही? ही तर सिऊ-लान! मासळीवाल्याची!"

"अं?" काका म्हणाले.

"तीन महिने तू हिचा फोटो खिशात घालून फिरतोयस? म्हणजे इमारतीत बोलतायत ते खोटं नाही तर! बाई दुसरीच होती!"

"पूनताईंनी सांगितलं तूच म्हणून," ऐंशी वर्षांचा माणूस क्षणात माझ्याकडे बोट दाखवून मोकळा झाला.

मी पळायच्या वाटा बघू लागले. काकू खाली जायला वळल्या. सोमवारची गाडी मला डोळ्यांसमोर दिसायला लागली.

"थांब," काका म्हणाले. "मग तू कुठे आहेस?"

काकूंनी फोन हिसकावून घेतला, सिनेमा पुढे सरकवला आणि चित्राच्या वरच्या कडेवर बोट आपटलं. तिथे माणूस नव्हतं. फक्त लाकडी खडावा घातलेले दोन पाय जिना उतरत होते.

"एवढीच आले मी. आता हस."

काका हसले नाहीत. त्यांनी तो तुकडा पुन्हा लावला. पुन्हा लावला. "डावा पाय बाहेर टाकतेस," ते म्हणाले. "अजून तशीच टाकतेस. लग्नात मी तेच तर बघत होतो. हे पाय मला हजारांत सांगता आले असते गं, मी वेड्यासारखा तोंडं बघत बसलो."

काकू एक पायरी वर आल्या. मग म्हणाल्या, "टाय वाकडा झालाय," आणि तो सरळ केला.

मग त्यांनी चित्रातल्या एका खिडकीकडे बोट केलं. खिडकीतून एक बाई कमरेपर्यंत बाहेर लोंबून खालचं सगळं बघत होती. "ही कोण होती देव जाणे. सिनेमातली नव्हती. दर वेळी मधेच डोकं काढायची. हिच्यापायी मला तीनदा जिना उतरावा लागला." बोलता बोलता दोघं थांबली आणि एकाच वेळी माझ्याकडे बघायला लागली.

"माझी आई तेव्हा मकाऊला होती," मी म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मोकांच्या दाराखालून कमळकाकडीचा वास आला. मी तो पोटभर घेतला. काकांनी त्या खिडकीचा एक फोटो छापून मला भेट दिला होता, तो मी संध्याकाळी ह्यांच्यासमोर ठेवला. म्हटलं, निदान आपला माणूस तरी खरं बोलेल.

ह्यांनी भात खाता खाता एक नजर टाकली.

"छान आलाय गं तुझा फोटो," हे म्हणाले. "पण खिडकी कुणाची आहे?"