यमूआत्यांची गुटी

माझं नाव गोविंद. पण गिरगावातल्या आमच्या वाडीत यमूआत्यांनी मला त्या नावानं एकदाही हाक मारली नाही. सकाळी छत्री काखेत मारून कचेरीला निघालो की गॅलरीतून आवाज येई, "काय रे वाता, गरम गरम जेवलास ना?" शेजारचे वामनराव म्हणजे पित्त. त्यांची बायको कफ. आम्ही तिघं चुकून एकत्र उभे दिसलो की आत्यांना भारी आनंद होई. "आज त्रिदोष कुठे निघाले?" असं त्या विचारत, आणि उत्तराची वाट न बघता आत जात.

आत्या म्हणजे आमच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या अण्णांची थोरली बहीण. नवव्या वर्षी लग्न झालं, अकराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं. मग कोकणात वडिलांच्या घरी परत. वडील वैद्य होते. त्यांच्या खलबत्त्यापाशी बसून मुळं कुटता कुटता मुलगी जे शिकली ते मुलग्याला काही आलं नाही. वडील गेल्यावर अण्णांनी बहिणीला मुंबईस आणलं. भाचरं आत्या म्हणत, म्हणून सगळी वाडी आत्या म्हणे. पन्नाशीची, ठेंगणी बाई, अंगावर लाल आलवण आणि आवाज असा की खालच्या विहिरीवरच्या बायकांच्या हातचा पोहऱ्याचा दोर सुटावा.

माझी प्रकृती त्यांनी ओळख झाली त्याच दिवशी ठरवली होती. "वात म्हणजे वारा. कोरडा, गार, एका जागी न ठरणारा. म्हणून तू असा काटकुळा. दहा कामं काढशील, एक तडीस नेणार नाहीस." उपाय काय, असं मी नम्रपणे विचारलं. "अंगाला तेल लाव, जेवणात तूप घे, शिळं खाऊ नकोस, वेळेवर नीज. आणि जरा कमी बोल." यातलं शेवटचं पथ्य माझी बायको काशी हिनं फार मनावर घेतलं. मी तोंड उघडलं की ती म्हणे, "आत्या काय म्हणाल्या?"

प्रकृती ओळखायला त्यांना माणूस समोर लागतच असे असंही नाही. माझ्या कचेरीतला साहेब त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. "तोंड लाल ना? भर दुपारी ओरडतो ना? भूक लागली की जास्त?" मी तिन्हीला हो म्हणालो. "पित्त," आत्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी साहेबाकरता मोरावळ्याची बरणी माझ्या हाती दिली. साहेबाला मोरावळा देण्याची माझी काय छाती? ट्रॅमचे घोडे धोबीतलावाला पोचेपर्यंत मी दोन फोडी खाल्ल्या, आणि आठवड्याभरात बरणी संपली. योगायोगानं त्याच सुमारास साहेबाची मडम विलायतेहून परत आली आणि त्याचं ओरडणं थांबलं. आत्यांनी दुसरी बरणी भरून ठेवली.

त्यांचा धाक ऋतूंनाही असावा. ढग भरून आले की, "आज कुणी दही खायचं नाही," असं फर्मान निघे. पावसाळ्यात पोटातला अग्नी मंद होतो, म्हणून ताकात सुंठ. थंडीत अग्नी पेटतो, म्हणून तिळाचे लाडू खा हवे तेवढे. रोग पोटात शिरतो तो भूक नसताना खाल्लेल्या घासातून, हे तर त्या दिवसातून चारदा सांगत. गल्लीच्या तोंडाशी कोळीण टोपली उतरवून वर बघे. "आत्याबाय, माजा खोकला काय जाईना गो." आत्या वरून विचारत, "कोरडा की ओला?" आणि तिच्या उत्तराप्रमाणे अडुळशाचा पाला किंवा खडीसाखर पदरात पडे.

पण त्यांचं खरं राज्य गुटीचं. रोज सकाळी सहाणेवर आईच्या दुधाच्या चार थेंबांत हिरडा, वेखंड, हळकुंड, जायफळ असं एकेक उगाळायचं, मूल जितकं मोठं तितके वळसे वाढवायचे. वाडीतल्या प्रत्येक पोराचे वळसे आत्यांना पाठ. त्यांनी उगाळलेल्या गुटीची वाटी आया येऊन घेऊन जात. गुटी पाजायला पोर मात्र त्यांच्या पायांवर कुणी घातलं नव्हतं. विधवा बाई. कुणी तोंडानं नाही म्हटलं नव्हतं, घ्या असंही म्हटलं नव्हतं.

काशीला दिवस राहिले तेव्हा पहिले तीन महिने तिच्या पोटात पाणी ठरेना. माझी आई नव्हती. आत्याच रोज पेजेत तूप सोडून तिला घोट घोट पाजत. एकदा काशी म्हणाली, "आत्या, माझ्या बाळाला गुटी तुमच्याच पायांवर पाजायची. तुम्हीच." आत्या म्हणाल्या, "आधी सुखरूप सूट." पण दुसऱ्याच दिवशी अण्णांना भुलेश्वरला काष्ठौषधींच्या दुकानात पिटाळलं, आणि आणलेले हिरडे पसंत नाहीत म्हणून दोनदा परत पाठवलं.

पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद होतात, म्हणून काशीची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, वैशाखातच येऊन राहिल्या. आषाढात मुलगी झाली. आत्यांनी दारातूनच तिचे हातपाय निरखले. "बापावर गेली. वात." सासूबाईंनी दार लोटून घेतलं, आणि काशीला सांगितलं, "गुटी मी उगाळीन. माझी पाच झाली आहेत. अशा बाईच्या पायांवर पोर घालायचं नाही." आमच्या भिंती काही जाड नव्हत्या. पलीकडे आत्यांचा खलबत्ता वाजत होता, तो थांबला.

त्यानंतर आत्या आमच्या दारी आल्या नाहीत. मात्र सकाळी आमच्याकडे सहाण वाजू लागली की त्या हातातली माळ ठेवून गॅलरीत भिंतीशी बसत. कुठलं मूळ चाललं आहे ते त्यांना आवाजावरून कळे. बोटांच्या पेरांवर वळसे मोजत. एक दिवस त्यांनी मला विहिरीपाशी गाठलं.

"वाता, जायफळ फार होतंय. तिला अजून एकच वळसा. सासूबाईंना सांग."

"सांगतो," म्हणालो. सांगितलं नाही. सासूबाईंपुढे बोलायची मला भीती वाटे, हे खरं कारण. आज इतक्या वर्षांनीही त्याची लाज वाटते.

श्रावणातल्या एका रविवारी मुलगी गुटी पिऊन झोपली ती बारा वाजले तरी उठेना. काशीनं छातीशी धरली, तिनं ओठही हलवले नाहीत. सासूबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. मी धावत आत्यांकडे गेलो. त्या तशाच आल्या, पण उंबऱ्याबाहेर थांबल्या.

"काकू, येऊ का आत?"

"या हो, या," सासूबाई म्हणाल्या.

"जायफळ किती?"

"सहा-सात झाले असतील. काल रात्रभर रडली. म्हटलं, काशीला घटकाभर झोप मिळेल."

आत्यांनी पोर काशीच्या मांडीवरच ठेवलं. दुपटं सोडलं, तळवे चोळले, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं, बोटावर दुधाचा थेंब घेऊन ओठांना लावला. पुन्हा तळवे. डॉक्टरांना आणू का, असं मी विचारलं. "जा, आण. तोवर मी आहे." मी धावलो. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होतो तेव्हा वरून रडणं ऐकू आलं. मीही रडलो, आणि तसाच पुढे डॉक्टरांकडे धावलो.

डॉक्टर येऊन, तपासून, काळजी नाही असं सांगून गेले. तोवर आमच्या दारासमोर निम्मी वाडी जमली होती. "काय झालं? गुटीत काही जास्त पडलं का?" वामनरावांच्या बायकोनं विचारलं. सासूबाई आत ऐकत होत्या. पदर तोंडाला लावलेला.

आत्या बाहेर आल्या. "काही जास्त पडलं नाही. पोर कफाची आहे. कफाची पोरं झोपतात."

मी बघतच राहिलो. जन्माला आली ती प्रकृती मेल्यावरच जाते, असं सांगणारी ही बाई. वाडीनं कितीही थट्टा केली तरी आपला शब्द एकदाही न फिरवणारी. माझ्या काटकुळ्या, खुट्ट वाजलं की दचकणाऱ्या मुलीला त्यांनी चारचौघांत कफाची ठरवली आणि घरी निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई विहिरीवरून दोन कळश्या घेऊन दोन जिने न थांबता चढून आल्या. कळश्या उतरवल्या, सहाण आणि मुळांची पिशवी काखेत घेतली, मुलीला उचललं आणि आत्यांच्या दारी जाऊन उभ्या राहिल्या.

"धरा हिला," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे धरलेत आज. हिला पायांवर घेववत नाही."

गुडघे धरले म्हणजे वात. त्यावर आत्यांकडे एरंडेल होतं, निर्गुडीचा शेक होता, सुंठीचा काढा होता. वाडीत कुणी नुसतं हुश्श म्हटलं तरी यातलं काहीतरी हातात पडत असे. त्या दिवशी त्यांनी औषध सांगितलं नाही. भिंतीला टेकून बसल्या, पाय लांब केले, आणि मुलीला घेतलं. मुलगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती, आणि त्या तिच्याकडे.

सासूबाई शेजारी बसून हळकुंड उगाळू लागल्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "किती वळसे झाले हो?"

आत्यांनी मोजलेच नव्हते.